मुद्दुपळनीची पोथी

1911 साली मद्रास पोलिसांनी एका तेलुगु काव्याच्या प्रती जप्त केल्या. काव्याचे नाव 'राधिकासांत्वनमु'. आदल्याच वर्षी ते वाविळ्ळ रामस्वामी शास्त्रुलु यांच्या नामांकित छापखान्यातून बाहेर पडले होते आणि संपादिका म्हणून त्यावर बेंगळूर नागरत्नम्मा या गायिकेचे नाव होते. सरकारी भाषांतरकाराने पुस्तक तपासले, काही पद्ये अश्लील असल्याचा शेरा मारला आणि पोलीस आयुक्तांनी पुढची कारवाई केली. कवयित्रीला कुणी कोर्टात खेचू शकत नव्हते. ती, मुद्दुपळनी, अठराव्या शतकातली. तंजावरच्या मराठा दरबारात प्रतापसिंह भोसल्यांच्या पदरी होती. हे प्रतापसिंह व्यंकोजीराजांचे नातू, म्हणजे शहाजीराजांचे पणतू.

तंजावर म्हटले की मराठी वाचकाला शिवाजी महाराज आणि व्यंकोजी यांची भेट आठवते, बृहदीश्वराच्या भिंतीवरचा लांबलचक मराठी शिलालेख आठवतो, सरफोजीराजांचे सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. त्या ग्रंथालयाशी बायकांचा काय संबंध, हा प्रश्न आपण विचारत नाही. मराठी स्त्रियांच्या लेखनाचा इतिहास सांगताना आपण महदंबा, मुक्ताबाई, जनाबाई, बहिणाबाई अशी नावे घेतो आणि तिथून एकदम एकोणिसाव्या शतकातल्या ताराबाई शिंदे आणि काशीबाई कानिटकरांपाशी येऊन पोचतो. मधल्या काळात भोसल्यांच्याच एका राज्यात एक बाई शेकडो पद्यांचे काव्य रचत होती, स्वतःच्या विद्वत्तेविषयी निःसंकोच लिहीत होती. भाषा तेलुगु, म्हणून ती मराठी वाङ्मयाच्या इतिहासात नाही. राजा मराठा, म्हणून आंध्राच्या लोकांना ती दूरची. पण ती ज्या राजवाड्यात लिहीत होती त्याच्या दफ्तराची लिपी मोडी होती. तिला आपल्या इतिहासातून वगळायचे काही कारण मला दिसत नाही.

तिच्या आधीची गोष्ट मात्र सांगायला हवी, कारण तंजावरात लिहिणारी ती पहिली बाई नव्हती.

मराठे येण्याआधी तंजावरवर नायकांचे राज्य होते. रघुनाथ नायक स्वतः कवी आणि वीणेचा जाणकार. त्याच्या दरबारात रामभद्रांबा नावाची कवयित्री होती. तिने 'रघुनाथाभ्युदयम्' हे बारा सर्गांचे संस्कृत महाकाव्य रचले. राजाची स्तुती त्यात आहेच, पण तोप्पूरची लढाई, दक्षिणेतल्या राजकारणातले डावपेच, दरबाराची दिनचर्या हेही आहे. विजयनगरच्या उतरत्या काळाचा इतिहास लिहिणारे अभ्यासक आजही या काव्याला साधन म्हणून हात घालतात. एका स्त्रीने लिहिलेल्या काव्यावरून लढायांचा इतिहास जुळवावा लागतो, अशी उदाहरणे भारतात फार नाहीत. काव्याच्या शेवटाकडे ती दरबारातल्या इतर विदुषींचेही वर्णन करते. आठ भाषांत कविता करणाऱ्या, शतावधान करणाऱ्या, वीणा वाजवणाऱ्या बायका राजासमोर आपली विद्या मांडतात. अतिशयोक्ती वजा केली तरी एक गोष्ट उरते. तिथे लिहिणारी बाई एकटीदुकटी नव्हती, तिच्या बरोबरीच्या आणखी होत्या. त्यांच्यातली मधुरवाणी. तिने रघुनाथ नायकाचे तेलुगु रामायण संस्कृतात नेले. पुढे त्याचा मुलगा विजयराघव गादीवर आला, तेव्हा रंगाजम्मा पुढे आली. तिने 'मन्नारुदासविलासमु' लिहिले आणि दरबाराने तिला कनकाभिषेक करून गौरवले. विद्वान पुरुषांना मिळणारा हा मान तिने आपल्या नावापुढे मिरवला.

1673 साली मदुरेच्या नायकाने तंजावर घेतले. जुन्या बखरी सांगतात की पराभव अटळ दिसल्यावर विजयराघवाने जनान्याखाली सुरुंग पेरून तो उडवून द्यायला लावला. हे वाचताना मन थांबते. ज्या दरबारातल्या स्त्रियांच्या आठ भाषांचे कौतुक काव्यात आले होते, त्याच दरबारातल्या स्त्रियांच्या वाट्याला शेवटी हे आले. पोथ्या मात्र राहिल्या. दोनतीन वर्षांतच व्यंकोजीराजे तंजावरचे धनी झाले. नव्या राजांनी जुन्या दरबाराची तेलुगु मोडून काढली नाही, उलट आपली मराठी तिच्या शेजारी आणून बसवली. व्यंकोजींचे चिरंजीव शहाजीराजे तेलुगुत यक्षगाने रचत, मराठीत नाटके रचत. रामभद्रांबेचे महाकाव्य ज्या हस्तलिखितामुळे आपल्यापर्यंत आले, ते याच राजवाड्याच्या संग्रहात सापडले. टी. आर. चिंतामणी यांनी ते संपादित केले आणि 1934 साली मद्रास विद्यापीठाने छापले. म्हणजे जवळपास तीनशे वर्षे कुणीतरी ती पोथी वाळवीपासून आणि कावेरीकाठच्या दमट हवेपासून जपली होती.

मराठा राजवाड्यातल्या बायकाही पुस्तकांपासून लांब नव्हत्या. व्यंकोजींच्या राणी दीपाबाई पंडितांच्या आश्रयदात्या होत्या. 'भोजनकुतूहल' हा पाकशास्त्रावरचा संस्कृत ग्रंथ लिहिणारे रघुनाथ नवहस्त त्यांच्याच आश्रयाला होते. पुढे 1737 च्या सुमारास सुजानबाई राणीने काही काळ राज्यही चालवले. याच दरबारात अठराव्या शतकाच्या आरंभी त्र्यंबकराय मखी या पंडिताने 'स्त्रीधर्मपद्धति' लिहिली. बाईने पहाटे केव्हा उठावे, काय ल्यावे, नवऱ्याशी कसे वागावे, याची ती शिस्तबद्ध संहिता. ज्यूलिया लेस्ली या अभ्यासिकेने 1989 साली तिच्यावर इंग्रजीत मोठे पुस्तक लिहिले, तेव्हा या संहितेचे नाव जगभर झाले. एकाच गावात थोड्याच दशकांच्या अंतराने एक पंडित बाईचा दिवस घड्याळासारखा आखून देतो आणि एक बाई राधेच्या रागाचे काव्य लिहिते. दोन्ही गोष्टी तंजावरच्याच. पहिली कुलवधूसाठी होती, दुसरी गणिकेची. त्या काळात लिहिण्यावाचण्याची मोकळीक कुणाला होती, हे या दोन्हींकडे पाहिले की समजते. घरातल्या बाईला अक्षर शिकवणे धोक्याचे मानले जाई. दरबारात नाचणाऱ्या-गाणाऱ्या बाईला साहित्यशास्त्र आलेच पाहिजे अशी अपेक्षा असे.

मुद्दुपळनी या दुसऱ्या परंपरेतली. प्राचीन तेलुगु कवी काव्याच्या आरंभी आपला वंश सांगतात, गोत्र सांगतात, बापाचे नाव सांगतात. मुद्दुपळनी आपला वंश बायकांवरून सांगते. आजी तंजनायकी, आई मुत्यालु, मग ती स्वतः. पुढे ती विचारते की आपल्यासारखा मान दुसऱ्या कोणत्या स्त्रीला मिळाला, कुणाला काव्ये अर्पण झाली, विद्वानांचा सत्कार कुणी केला. हा आत्मविश्वास उसना वाटत नाही. तो अशा घरातला आहे जिथे विद्या आईकडून मुलीकडे येते, मिळकतही तशीच येते. आंडाळच्या 'तिरुप्पावै'चेही तिने तेलुगु रूप केले. म्हणजे तमिळ भक्तिकाव्य तिच्या हाताखालचे होते, संस्कृत होते आणि राजाची मराठी तर कानावर रोजच पडत असणार.

'राधिकासांत्वनमु' चार भागांचे, पाचशे ऐंशीच्या पुढे पद्ये असलेले काव्य आहे. कथा अशी. राधा इळा नावाच्या मुलीला लहानाचे मोठे करते आणि वयात आल्यावर स्वतःच तिचे कृष्णाशी लग्न लावून देते. नवविवाहितांना दोन गोष्टी सांगतेही. मग तिलाच विरह सहन होत नाही. कृष्ण नव्या नवरीत रमलेला आहे हे कळल्यावर ती रागावते, शिव्या घालते, निरोप्यांना परत पाठवते. शेवटी कृष्ण येऊन पाया पडतो तेव्हा ती त्याला लाथ मारते. त्यानंतर मनधरणी, आणि सलोखा. गीतगोविंदापासून राधेची मनधरणी आपल्या ओळखीची आहे. मुद्दुपळनीची राधा वेगळी आहे ती वयाने. तिने संसार पाहिला आहे, ती दुसऱ्या मुलीची पालक आहे, आणि तरीही तिची इच्छा विझलेली नाही. ती इच्छा ती स्वतः बोलून दाखवते, कृष्णाने ओळखण्याची वाट पाहत नाही. दीडशे वर्षांनी मद्रासच्या सभ्य लोकांना हेच झोंबले.

1763 साली प्रतापसिंह वारले. 1799 च्या तहाने सरफोजींनी राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवला आणि त्यांच्या हाती तंजावरचा किल्ला आणि राजवाडा तेवढा उरला. सरफोजींनी आपली बुद्धी आणि पैसा ग्रंथांत घातला. राजवाड्यात देवनागरी छापखाना काढला. 1806 साली तिथून इसापनीतीचे मराठी रूप 'बाळबोध मुक्तावळि' निघाले. पुण्या-मुंबईत छपाईने मूळ धरायच्या आधीची ही गोष्ट. यात्रेला काशीला गेले तेव्हा तिथूनही पोथ्या आणल्या, नकला करवून घेतल्या. मुक्तांबाळ छत्रात शाळा चालवली, आणि ते छत्र त्यांच्या प्रिय स्त्रीच्या नावाने बांधले होते. पण छापखान्याच्या आवडीत तेलुगु शृंगारकाव्याला जागा नव्हती. मुद्दुपळनी ताडपत्रांवर आणि कागदी नकलांवरच राहिली.

यानंतरचा एक प्रसंग ग्रंथालयाच्या इतिहासात नुसता ओझरता येतो. माझ्या मते त्याला याहून पुष्कळ जास्त जागा द्यायला हवी. 29 ऑक्टोबर 1855 रोजी सरफोजींचे चिरंजीव शिवाजीराजे वारले. मुलगा नव्हता. कंपनीने राज्य खालसा झाल्याचे जाहीर केले. पुढल्या वर्षी कमिशनर फोर्ब्स फौजेनिशी राजवाड्यात शिरला आणि नुसते राजचिन्ह नव्हे, घरातली खासगी मालमत्ताही त्याने ताब्यात घेतली. दिवंगत राजांच्या थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात कंपनीवर दावा लावला. पडद्यातल्या एका विधवेने जगातल्या सर्वांत बलाढ्य व्यापारी कंपनीला उत्तर द्यायला लावले आणि मद्रासच्या न्यायाधीशांनी खासगी मालमत्तेपुरता निकाल तिच्या बाजूने दिला. कंपनीने लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे धाव घेतली. 1859 मध्ये तिथे निकाल फिरला. सत्तेने सत्ता म्हणून केलेल्या कृत्याचा निवाडा देशी न्यायालय करू शकत नाही, असे ठरले. हा निकाल आजही कायद्याच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. त्यांना कामाक्षीबाईंचे नाव दाव्याच्या शीर्षकातल्या चुकीच्या इंग्रजी वर्णांतून तेवढे माहीत असते.

न्यायालयात हरलेली लढाई त्यांनी दुसऱ्या बाजूने अर्धीमुर्धी जिंकली. निंदा इतकी झाली की 1862 साली मद्रास सरकारने खासगी मालमत्ता राण्यांना परत केली आणि तिची व्यवस्था कामाक्षीबाईंकडे दिली. मग राण्या आपसांत भांडल्या. जिजाईअंबाबाई आणि कामाक्षीबाई यांचा 1868 चा मद्रास हायकोर्टातला दावा सहविधवांच्या वारसाहक्काविषयी पुढे अनेक वर्षे दाखला म्हणून दिला गेला. पोथ्यांचा संग्रह याच राजवाड्यात होता. तो तिथेच राहिला, लिलावात गेला नाही, विलायतेला गेला नाही. अशाच जप्तीनंतर टिपू सुलतानाचे ग्रंथालय कुठे गेले ते आपण जाणतो. बर्नेल हा न्यायाधीश-पंडित तंजावरला आला, त्याने राजवाड्यातल्या संस्कृत पोथ्यांची सूची केली आणि ती 1880 साली लंडनमध्ये छापली. 1918 मध्ये राजघराण्याने हक्क सोडला, सोबत एक लाख रुपयांची देणगी दिली, आणि ग्रंथालय लोकांसाठी खुले झाले. पुढे 1983 साली त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला. सरफोजींचा पुतळा तिथे आहे आणि असायलाच हवा. कामाक्षीबाईंचे नाव मात्र भिंतीवरही नसेल तर ते लावायला हवे.

आता परत मुद्दुपळनीकडे. 1887 साली तिचे काव्य पहिल्यांदा छापले गेले. इंग्रज तेलुगुपंडित सी. पी. ब्राउन याचे सहकारी वेंकटनरसु यांनी ती आवृत्ती काढली. त्यांनी प्रस्तावनेतला तिचा वंश गाळला, काही पद्ये गाळली. म्हणजे छापील पुस्तकात काव्य उरले, पण ते लिहिणारी, आजीचे आणि आईचे नाव सांगणारी बाई गायब झाली. मग तेलुगु समाजसुधारणेचे अध्वर्यू कंदुकूरी वीरेशलिंगम यांनी कवींच्या चरित्रकोशात तिचा उल्लेख केला तो तिला व्यभिचारिणी म्हणून, आणि स्त्रियांनी ऐकू नये असे तिचे काव्य असल्याचे मत देऊन. विधवाविवाहासाठी झगडलेला, मुलींच्या शाळा काढलेला हा माणूस. सुधारकांच्या त्या पिढीला बाईचे शिक्षण हवे होते. शिकलेल्या बाईने काय लिहावे याचे माप मात्र त्यांनीच ठरवले होते.

नागरत्नम्मा 1878 साली म्हैसूरजवळच्या नंजनगूडला जन्मल्या. आई पुट्टलक्ष्मी देवदासी; वडील वकील होते आणि त्यांनी दोघींना सोडले होते. मुलीने कन्नड, तेलुगु, संस्कृत, इंग्रजी शिकून घेतली. मद्रासला येऊन त्या काळातल्या पहिल्या फळीच्या गायिका झाल्या. दुसऱ्या एका पुस्तकातला उल्लेख वाचून त्यांनी मुद्दुपळनीचा शोध सुरू केला. आधी छापील प्रत मिळाली, मग हस्तलिखित. दोन्ही शेजारी ठेवल्यावर काय काय कापले आहे ते दिसले. त्यांनी सबंध पाठ सिद्ध केला आणि प्रस्तावनेत वीरेशलिंगम यांना थेट उत्तर दिले. पुरुष कवींच्या काव्यात याहून धीट वर्णने आहेत आणि ती अभ्यासक्रमात आहेत, मग सभ्यतेचा नियम बाईलाच का, असे त्यांचे म्हणणे. ज्यांनी आक्षेप घेतला त्यांनी स्वतः तसलीच एक जुनी रचना तपासून छापायला दिली होती, हेही त्यांनी नावानिशी दाखवले. हे काव्य एका स्त्रीने, आणि तेही आपल्याच कुळातल्या स्त्रीने लिहिले आहे, म्हणून आपण ते छापत आहोत, असे त्या सांगतात. दोघींमध्ये शंभरावर वर्षे होती, पण घरातल्या शिकवणीची रीत तीच होती.

बंदी आली तेव्हा तेलुगु पंडितांनी सरकारकडे अर्ज केले. उपयोग झाला नाही. नागरत्नम्मांनी आपली शक्ती दुसरीकडे वळवली, आणि ती जागा पुन्हा तंजावरचीच निघाली. कावेरीकाठी तिरुवैयारूला त्यागराजांची समाधी झाडाझुडपांत हरवली होती. हे त्यागराजही तंजावरच्या मराठा राज्यातले आणि त्यांचीही गीते तेलुगु. 1920 च्या दशकात नागरत्नम्मांनी आयुष्यभराची कमाई ओतून जागा घेतली, समाधीवर मंदिर उभारले. वार्षिक आराधनेत बायकांना गाऊ देत नसत. ज्या बाईने मंदिर बांधले तिलाही नाही. त्यांनी स्त्रियांचा वेगळा गट काढून समाधीच्या मागच्या बाजूला आराधना सुरू केली. पुढे 1940 च्या आसपास सगळे गट एकत्र आले आणि बायकांचा आवाज मुख्य आराधनेत मिसळला.

देवदासींच्या प्रश्नावर त्यांची बाजू सोपी नव्हती, हेही सांगायला हवे. मुथुलक्ष्मी रेड्डींनी देवदासी प्रथा बंद करण्याचा कायदा मांडला तेव्हा नागरत्नम्मा विरोधात उभ्या राहिल्या. आमची विद्या आणि आमची मिळकत यांचे काय, असा त्यांचा सवाल होता. त्याच तंजावर जिल्ह्यातल्या मूवलूर रामामिर्तम यांनी त्याच समाजातून येऊन उलटी भूमिका घेतली आणि 1936 साली 'दासिगल मोसवलै' ही तमिळ कादंबरी लिहून प्रथेतला जाच उघडा केला. मला दोघीही खऱ्या वाटतात. एकीने पाहिलेली विद्या खोटी नाही आणि दुसरीने सोसलेली गुलामी खोटी नाही. 1947 साली मद्रास प्रांताने देवदासी प्रथेवर कायद्याने बंदी आणली. त्याच वर्षी तंगुटूरी प्रकाशम यांच्या सरकारने 'राधिकासांत्वनमु'वरची बंदी उठवली. छत्तीस वर्षांनी वाविळ्ळ छापखान्याने ते पुन्हा काढायला घेतले. नवी आवृत्ती 1952 साली आली. त्याच वर्षी मे महिन्यात नागरत्नम्मा वारल्या. तिरुवैयारूला त्यागराजांच्या समोरच त्यांची समाधी आहे.

सुसी थारू आणि के. ललिता यांनी 1991 मध्ये भारतीय स्त्रियांच्या लेखनाचा मोठा इंग्रजी संग्रह काढला, तेव्हा प्रस्तावनेत त्यांनी हीच कथा पुढे ठेवली. तेव्हापासून जगभरच्या विद्यापीठांत मुद्दुपळनी शिकवली जाते. मराठीत तिच्याविषयी बोलायचे तर कामाची एक सोय आपल्याकडे आहे आणि ती दुसऱ्या कुणाकडे नाही. तंजावर दरबाराचे मोडी कागद सरस्वती महालात गठ्ठ्यांनी आहेत. राजवाड्याचे रोजचे हिशेब, नेमणुका, इनामे, अर्ज. तमिळ विद्यापीठाने त्यांतले काही निवडून तमिळमध्ये आणले आहेत. पुण्या-मुंबईत मोडी लिपीचे वर्ग भरतात, दरवर्षी नवे वाचक तयार होतात. त्यांतल्या दोघाचौघांनी थोडी तेलुगु शिकून तंजावरची गाडी पकडावी आणि प्रतापसिंहांच्या काळचे गठ्ठे सोडावेत. तंजनायकी, मुत्यालु आणि मुद्दुपळनी ही तीन नावे शोधायची आहेत.